टिटवीची हाक

एका जंगलाच्या कडेला नदीचे रुंद वाळवंट होते आणि त्या वाळवंटात एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवी पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलेच तर झेलता यावे म्हणून, असे लोक सांगतात. खरेखोटे मला ठाऊक नाही. पण ही टिटवी तसे करत असेल, तर मला मुळीच नवल वाटणार नाही. तिचा जीव सदा टांगणीला लागलेला असे. टिटवी झाडावर घरटे बांधत नाही, उघड्या वाळूत खड्यांमध्येच अंडी घालते. हिने चार घातली होती. दोन मुंगसाने पळवली, तिसऱ्यातून पिल्लू निघाले ते घारीने उचलले. उरले एकच पिल्लू, आणि टिटवी त्याला क्षणभरही नजरेआड होऊ देत नसे.

टिटव्यांची एक रीत असते. संकट दिसले की आई 'टिटीव् टिटीव्' असे ओरडते आणि पिल्लू असेल तिथे वाळूला चिकटून निपचित पडते. त्याचा रंग खड्यांसारखाच, म्हणून ते कोणाला दिसत नाही. रीत चांगली आहे. पण ही टिटवी घार दिसली तरी ओरडे, ढगाची सावली सरकली तरी ओरडे आणि वाळके पान उडाले तरी ओरडे. पिल्लाने मान उचलली, तर चोचीने त्याची पाठ खाली दाबून धरी. एवढ्याने भागेना, म्हणून तिने त्याला बगळ्याच्या शाळेत घातले. बगळा रोज सकाळी वाळवंटातल्या पिल्लांची शाळा भरवत असे. त्या शाळेत धडा एकच : मोठी हाक ऐकली की पडायचे आणि हलक्या आवाजातली दुसरी हाक येईपर्यंत उठायचे नाही. टिटवीचे पिल्लू त्यात पहिले आले. बगळ्याने चारचौघांत त्याचे कौतुक केले, तेव्हा टिटवीला बरे वाटले. पण घरी पोचेपर्यंत तिला नवी धास्ती लागली, की पुढच्या वेळी त्याचा नंबर गेला तर?

एके दिवशी शाळा चालू असताना एक म्हातारी कासवी नदीतून बाहेर आली आणि अंडी घालायला वाळूतून वर वर चढत गेली. सरळ जायचे सोडून ती वळसा घेऊन, उंचवट्यावरून, पार लांबच्या खडकापाशी पोचली. तिच्या पोटाने वाळूत रुंद चर उमटला. पिल्लू धडा विसरून तिच्याकडे बघतच राहिले. त्याने विचारले, "गुरुजी, ही आजी एवढ्या लांब आणि एवढ्या उंच का जाते?"

"ते धड्यात नाही," बगळा म्हणाला.

परतताना कासवीच्या कानावर ते पडले. पाणी कुठवर चढते ते आपण बघून ठेवले आहे, चल, तुलाही दाखवते, असे ती पिल्लाला म्हणाली. तेवढ्यात टिटवी धावत आली. माझ्या पिल्लाचे लक्ष उडवू नका, असे तिने कासवीला फटकारले. वर म्हणाली, "तुम्ही अंडी वाळूत पुरता आणि लांबून नुसतं बघत बसता. पिल्लं वाढवण्यातलं तुम्हाला काय कळणार?"

कासवीला राग आला नाही. ती म्हणाली, "लांबून नुसतं बघायला किती बळ लागतं, ते एकदा करून बघ गं बाई."

टिटवीने पिल्लाला चांगलेच झापले. मग पिल्लाने काही विचारायचे सोडून दिले. चला, एक काळजी मिटली, असे टिटवीला वाटले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी वाळवंटात एक कोल्हा फिरकला. टिटवीने पिल्लाला वाळूच्या खोलगट जागेत निजवले, मी येईपर्यंत हलायचे नाही म्हणून बजावले आणि पंख मोडल्याचे सोंग करत कोल्ह्याला लांब नेले. त्याला चांगले चकवून ती परत वळली आणि पाहते तर काय, नदीचा रंग बदललेला. इकडे लख्ख ऊन होते, पण वर डोंगरात कुठेतरी पाऊस कोसळला होता. लाल पाणी काटक्या आणि फेस घेऊन वाळवंटात शिरत होते. पहिला फेस दिसताच बगळा उडून झाडावर जाऊन बसला होता. ही हकिकत त्याने पुढे कधी कोणाला सांगितली नाही.

टिटवी जिवाच्या आकांताने ओरडली. पिल्लाने हाक ऐकली आणि शिकवल्याप्रमाणे ते वाळूला अधिकच चिकटले. ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडत राहिली, ते अंग आक्रसून पडून राहिले. ती खाली उतरली आणि चोचीने त्याला ढोसू लागली. पिल्लाला वाटले, मान वर दिसली असेल म्हणून आई दाबते आहे. त्याने डोळेही मिटून घेतले. आता उठायची ती हलकी हाक द्यावी, म्हणून तिने चोच उघडली. पण भीतीने सुकलेल्या गळ्यातून हलका आवाज निघेना. जे निघे ते 'टिटीव्'च. पाणी चार हातांवर आले.

तेव्हा टिटवीला कळले, की आपली हाकच त्याला तिथे खिळवून ठेवते आहे.

तिने चोच मिटली. उडून ती लांबच्या खडकावर जाऊन बसली आणि गप्प राहिली. मुलांनो, आयुष्यात तिने इतके अवघड काम कधी केले नव्हते. हाक गळ्याशी येत होती आणि ती गिळत होती. आपण आपल्या पिल्लाला मारतो आहोत, असेही तिला वाटून गेले.

पिल्लू वाट पाहत राहिले. पहिली हाक थांबली होती, दुसरी येत नव्हती. मग पायांना गार पाणी लागले. त्याने एक डोळा उघडला. मान उचलली. ती दाबायला कोणी नव्हते. त्याने चहूकडे पाहिले, आणि आई समोर दिसत असूनही ते उलट्या दिशेला पळत सुटले. तरीही टिटवीने चोच उघडली नाही. पिल्लाने कालचा तो कासवीचा चर शोधला होता. समोरच्या वाटेत पाणी भरले होते, हे तिला नाही, त्याला दिसले होते. चराच्या कडेने, वळसा घेऊन, उंचवट्यावरून धडपडत ते खडकापाशी येऊन पोचले. त्याच्यामागे खोलगट जागा पाण्याखाली गेली.

"आई, तू हाक का मारली नाहीस?" धापा टाकत त्याने विचारले.

"मारली असती, तर तू बघितलं नसतंस," टिटवी म्हणाली आणि तिने त्याला पंखाखाली घेतले.

पूर ओसरल्यावर शाळा पुन्हा भरली. दुसरी हाक येण्याआधीच उठले म्हणून बगळ्याने पिल्लाचा पहिला नंबर काढून घेतला. टिटवीने ते ऐकून घेतले. मग रोज सकाळचा थोडा वेळ हे पिल्लू कासवीआजीबरोबर फिरेल, असे तिने बगळ्याला शांतपणे सांगितले. तेवढ्यात वाळूवरून एक सावली सरकली. टिटवीच्या गळ्याशी हाक आली. ती गिळून ती म्हणाली, "बघ बरं, कोणाची आहे?"

पिल्लाने वर पाहिले. "ढगाची," ते म्हणाले.

तात्पर्य : आपल्या भीतीने मुलाला निजवून ठेवणे म्हणजे त्याला सांभाळणे नव्हे, त्याला स्वतः बघू द्यावे, विचारू द्यावे, आणि तेवढा वेळ आपण धीराने गप्प राहावे.