यंत्रासमोर साहेब ठणठणीत

हे मी सांगायचं नव्हतं. आई आरोग्य केंद्रात नर्स आहे आणि तिथं ऐकलेलं तिथंच ठेवायचं, असा आमच्या घरचा नियम आहे.

एकदा जिल्ह्याहून खासनीस साहेब रोग ओळखणारं बोलकं यंत्र घेऊन आले. म्हणाले, "आता इथं डॉक्टर कशाला? डॉक्टरबाईंना दुसरीकडे पाठवू." रांगेतल्या बायकांचे चेहरे उतरले, कारण दुसरा डॉक्टर थेट तालुक्यालाच आहे.

डॉक्टर मृणालबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आधी तुम्हीच बसून दाखवा."

साहेब ऐटीत बसले. यंत्रानं सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "दारू घेता का?"

"छे."

"रोज पोट साफ होतं?"

साहेबांनी रांगेकडे पाहिलं. "अगदी."

"आपण पूर्ण निरोगी आहात," यंत्र म्हणालं. साहेबांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या.

"आता मी तपासते," म्हणत बाईंनी त्यांना जुन्या साडीच्या पडद्यामागे नेलं. बऱ्याच वेळानं साहेब बाहेर आले, ते मूठभर गोळ्या घेऊनच.

"पण यंत्र चांगलंय ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"उत्तम आहे, साहेब. त्याच्यासमोर कुणी आजारीच नसतं."

"मग तुमच्या हापिसात ठेवा की," रांगेतून गोदाकाकू म्हणाल्या.

साहेब यंत्र घेऊन गेले आणि बाई राहिल्या. मी पडद्याला लागूनच बसले होते, त्यामुळे पडद्यामागचं बोलणंही मला ऐकू आलं होतं. साहेब म्हणाले, की रोज रात्री जेवण झाल्यावर ते गुपचूप... आले गं आई. काही नाही, शाळेचा निबंध लिहीत होते.