रोजची आगारी

“मग आता जाळायचं तरी काय, बाबा?”

रंगराव ढाकण्यांनी गुडघ्यावर थाप मारून विचारलं. विचारणं कसलं, जाबच तो! गावातल्या गड्याला झापावं, तसे ते दर्ग्याच्या जमालशा फकिराशी बोलत होते.

जमालशा उंच पायरीवर बसून निखाऱ्यावरची राख फुंकत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

“काय काय जाळलंत?”

“काय जाळायचं ठेवलंय ते विचारा! गुग्गुळ झाला, कापूर झाला. कडुलिंबाचा पाला जाळून जाळून दारचं झाड बोडकं केलं. व्याही लडाखला गेले होते, तिथल्या लामाकडून धुपाची पानं आणवली. गोव्याच्या पाद्र्याकडचा धूप आणला. भाचा अमेरिकेत असतो. त्यानं तिकडच्या आदिवासींची पांढऱ्या पानांची जुडी धाडली. ती पेटवली तर म्हैस दावं तोडून पळाली आमची!”

सांगताना त्यांची छाती फुगली होती. माणसाला मिरवायला काहीही पुरतं, आपल्या घरची पीडासुद्धा.

“आणि?”

“आणि काय… तो बसलाच आहे.”

“कोण तो?”

रंगरावांनी तोंड फिरवलं.

“गुलाब. धाकटा भाऊ माझा.”

गोष्ट साऱ्या गावाला ठाऊक होती, जमालशालाही असणारच. गुलाबनं परजातीतली बायको केली, आणि रंगरावांनी त्याचा पाट बंद केला. बाटलेल्याला पंगतीत जागा नाही म्हणाले. गेल्या दिवाळीत गुलाब तापानं फणफणत दारी आला. आत जेवणं चालली होती. “उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही,” रंगराव पानावरूनच ओरडले. तो उंबऱ्यावर बसला. कुणी त्याला ताट दिलं नाही. बसला, बसला, आणि उठून गेला. त्याच आठवड्यात नदीकाठच्या धर्मशाळेत तो वारला.

तेव्हापासून तिन्हीसांजेला पानं वाढली, की रंगरावांना तो तिथंच दिसे. बोलत नसे, काही मागत नसे, नुसता ताटाकडे बघे. घास घशाखाली उतरेना. वाड्यासारखा माणूस पार खंगला. बायको घाबरून माहेरी निघून गेली, आणि हे असंच राहिलं तर आपणही या दिवाळीला नसू, हे रंगरावांना आतून कळून चुकलं होतं. पण सुंभ जळाला तरी पीळ जायचा नाही, तशातली गत.

“ते काही नाही. बाहेर काढा त्याला,” ते म्हणाले.

जमालशानं लोबानाची चिमूट पुढे केली.

“टाका.”

रंगरावांनी ती निखाऱ्यावर टाकली. धूर उठला. उठला तसे ते उपरण्याच्या शेवानं धुराला दाराकडे ढकलू लागले. हाताला सवयच पडली होती. माशा हाकलाव्यात तसा हात चालला होता.

जमालशानं त्यांचं मनगट धरलं.

“हे काय?”

“घालवतोय.”

“रंगराव… पितृपक्षात आगारी घालता ना तुम्ही लोक?”

“घालतो तर! ढाकण्यांच्या घरात एक साल चुकलेली नाही. निखाऱ्यावर भात-तूप सोडायचं, गेलेल्याचं नाव घ्यायचं…”

“ते कशाला?”

“कशाला म्हणजे? धुराचा वास लागला की पितर येतात. जेवायला…”

बोलता बोलता रंगराव थांबले.

धूर दोघांच्या मधून वर चालला होता.

“तुम्ही घरात धूर कधी करता?” त्यानं हळूच विचारलं.

“तिन्हीसांजेला.”

“म्हणजे?”

“पानं वाढायच्या आधी…”

“नाव घेता?”

“घेतो. ‘गुलाब, जा’ म्हणतो…”

“‘जा’ म्हणायच्या आधी नावच घेता ना.”

…

रंगरावांच्या हातातलं उपरणं खाली पडलं. त्यांना भावाचा पिवळा पडलेला चेहरा आठवला, आणि त्या रात्री आपण दोनदा आमटी मागून घेतली होती, तेही आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. इतक्या लोकांची पानं, जुड्या, धूप गोळा करून त्यांनी काय केलं होतं, तर रोज संध्याकाळी एका उपाशी माणसाला हाक मारून पुन्हा उपाशीच बसवलं होतं!

“मीच… मीच बोलावत होतो की हो त्याला!”

ते पायरीवर कपाळ टेकून हमसाहमशी रडले. जमालशानं त्यांना रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला नाही, की ‘असू द्या’ म्हटलं नाही.

बऱ्याच वेळानं रंगरावांनी नाक पुसलं. उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

“आज पाट मांडतो,” ते म्हणाले. “माझ्या शेजारी मांडतो. बाजरीची भाकरी, ठेचा, त्याला आवडायचं ते सगळं स्वतः करतो. कोण काय म्हणतं ते बघतोच!”

जमालशानं मान डोलावली.

रंगराव पायऱ्या उतरून गेले. चपला घातल्या. चार पावलं चालले असतील, तोच परत वळले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं,

“पण बाबा… एकदा पोटभर जेवला म्हणजे जाईल ना तो?”

जमालशानं निखाऱ्यांवर पाणी ओतलं.

“जेवायला बसलेल्या भावाला ‘कधी जातोस’ असं विचारतात का हो तुमच्यात?”