भर दुपारचा दिवा

पाखरांविषयी मला सगळं ठाऊक आहे. म्हणजे चोच पुढं असते आणि शेपूट मागं, इथपर्यंत. बाकीचं ऐकीव आहे. तुम्हीही ऐकीवच धरा.

फार पूर्वी, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, अमेरिकेच्या किनाऱ्यावर मासेमारांचं एक गाव होतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथं विटकरी छातीची पाखरं उतरत. मुठीत मावेल एवढा जीव, पण निघे पृथ्वीच्या तळाकडून आणि जाई पार माथ्यावरच्या बर्फात! वाटेत पोट भरायचं ते याच वाळूवर. घोड्याच्या नालेसारखे खेकडे तिथं अंडी घालत. ती खाऊन हाडं निघालेली पाखरं गुबगुबीत होत आणि एके दिवशी सगळी मिळून उठत.

त्या दिवशी गाव भर दुपारी दारात दिवा लावी. का, ते कुणी विचारत नसे. प्रथेला 'का' विचारायचं नसतं, हे तुम्हाला काय सांगायचं!

गावचा नाखवा मोठा थट्टेखोर. माशांना आमिष म्हणून तो ते खेकडे गाड्या भरभरून उपसे. एका वर्षी त्या दुपारी भरल्या गाड्या घेऊन तो तेलिणीच्या दारी थांबला.

"तेलीणबाई, तेल खपावं म्हणून काढलीस ना ही प्रथा? आणि दिवा तर विझलेलाच!" म्हणत त्यानं ज्योतीत बोट घातलं, आणि "आई गं!" करत अंगणभर नाचला.

सगळे हसले. तेलीण हसली नाही.

"पाखरं उठली की सूर्य झाकोळायचा, नाखवा. माझी आजी या दिव्याशी सुईत दोरा ओवायची. आईला निदान ज्योत दिसायची. मला ती बोट भाजल्यावर कळते. दिवा तोच आहे. कमी काय झालं?"

तेवढ्यात थवा उठला. लहानपणापासून नाखवा याला मोठा थवा म्हणत आला होता. आज पहिल्यांदा त्याला पाखरांमधलं आकाश दिसलं.

गाड्यांत अंडी घालायला आलेले खेकडे वळवळत होते. ते विकून होडीला नवं शीड यायचं होतं.

"ओता परत पाण्यात."

"नाखवा, ऊन लागलं का?" गड्यांनी विचारलं.

"बोट भाजलंय. ओता म्हणतो ना!"

नाखव्यानं पुन्हा खेकडे उपसले नाहीत; शीड ठिगळाचंच राहिलं. खेकडा वाढायला वर्षं घेतो. नाखव्याचे केस पिकले, दात गेले. दर उन्हाळ्यात तो दिव्याशी बसे आणि बोट भाजून घेई. मग एका दुपारी समुद्राकडून पंखांचा घोष आला. सावली अंगणावरून सरकली आणि पापणी लवते तेवढा वेळ ज्योत दिसली. फिकी, पिवळी, थरथरती. नाखव्याचे हात आपोआप जोडले गेले.

तात्पर्य इथंच उरकतो, कारण पुढं नाखव्यानं तोंड उघडून माझी गोष्ट बिघडवली: जे थोडं थोडं सरतं ते सरताना दिसत नाही, म्हणून मागच्यांनी लावलेल्या दिव्याला हसण्याआधी बोट लावून पाहावं.

"बघितलंस, तेलीणबाई?" नाखवा छाती फुगवून म्हणाला. "माझ्यामुळं दिसली!"

तेलीण वात सारत म्हणाली, "आणि इतकी वर्षं कुणामुळं दिसत नव्हती, नाखवा?"