उकंडाजीचं वळण

फार वर्षं झाली. वऱ्हाडात आगगाडी नवीनच आली होती, तेव्हा बोरखडी गावात उकंडाजी नावाचा शेतकरी होता. अनवाणी टाच आपटली की खाली काळी आहे की मुरूम, हे तो बसल्या जागी सांगायचा, असं म्हणतात.

तेव्हा बोरखडीचा कापूस बैलगाड्यांनी आठ दिवसांवरच्या बाजारात जाई. वाटेत बैल मरत, कापूस भिजे. म्हणून रूळ येणार म्हटल्यावर गाव हरखलं. पण रूळ टाकायला आलेल्या गोऱ्या साहेबाने कागदावर सरळ रेघ ओढली आणि भराव घातला तो थेट काळ्या जमिनीत. काळी पिकाला आई, पण पायाला वैरीण. पहिल्या पावसाळ्यात भराव खचला, दुसऱ्यातही खचला. साहेब वैतागून म्हणाला, "पक्की जागा मिळाली नाही, तर रूळ नदीपलीकडून नेतो."

पक्की जागा एकट्या उकंडाजीला ठाऊक होती. त्याचंच चार एकर वावर मुरमाच्या कडक पट्ट्यावर होतं. तिथली विहीर त्याने आणि सारजाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, स्वतः खणली होती. बोलावं तर वावर जातं, न बोलावं तर गावाचा रूळ जातो. बिचारा दोन पावसाळे मूग गिळून बसला. आज आपण त्याला हात जोडतो खरे, पण तेव्हा तो तुमच्याआमच्यासारखाच भ्यालेला होता.

शेवटी सारजाबाईच म्हणाली, "सांगून टाका न बाप्पा. वावर जाईन त जाईन. सऱ्या गावचा कापूस चिखलात रुतते, थो पाह्यवते का तुमच्यानं?"

उकंडाजी उठला आणि साहेबाच्या तंबूपुढे, सगळ्या गावादेखत उभा राहिला. "सायेब, मुरूम माह्या वावराखाली हाय. दोन पावसाळे मी बोललो नाई, हा माहा गुन्हा."

मग हातात निशाणं घेऊन तो अनवाणी पुढे चालला आणि टाच सांगेल तिथे एकेक निशाण रोवत गेला. मागून साहेबाने दुर्बीण लावून मोजलं, तर बोटभराचीही चूक नव्हती, असं म्हणतात. साहेबाने सरळ रेघ सोडली आणि रूळ उकंडाजीच्या वावरातून वळवला. त्या वळणावरचा रूळ पुढे कुठल्याच पावसात खचला नाही. इंजिनाला पाणी त्याच विहिरीचं. भर उन्हाळ्यात इंजिन पोटभर प्यायचं, तरी विहीर घागरभरही उतरत नसे, असं म्हणतात.

गावाने त्याला दुसरं वावर देऊ केलं. त्याने घेतलं नाही. "दोन वर्सं तुमचे बैल मेले, थे कोन भरून देईन?" म्हणाला, आणि जन्मभर लोकांच्या वावरात मजुरीने राबला.

आजही बोरखडीत कोणी चारचौघांत स्वतःचंच नुकसान होईल असं खरं बोलायला उभा राहिला, की बसलेली सगळी माणसं उठून उभी राहतात. त्याला उकंडाजीचा मान म्हणतात. आणि इतके दिवस गप्प का होतास, असं त्याला कोणीही विचारत नाही.