ठमीचं उलथणं काट्यांत

ही गोष्ट खरी आहे. अगदी गळ्याशपथ! सांगणारा तिथेच उभा होता. म्हणजे, उभा नव्हता, झोपला होता. आणि तिथे नव्हता, घरी होता. पण गोष्ट खरी!

एक होती चिचुंद्री. नाव तिचं ठमी. एवढंसं अंग, एवढ्ढं मोठं नाक! बाजारात तिचं धिरड्यांचं दुकान. तवा केवढा? बाटलीच्या झाकणाएवढा.

शेजारची दुकानदार कोंबडी म्हणाली, "ठमे, किती गं तुझा कलकलाट! दुकानात कसं गोड बोलावं. नाहीतर लोक हसतात."

ठमी घाबरली. लोक हसले तर? गिऱ्हाईक गेलं तर?

म्हणून आज ती खाली वाकली. "नमस्कार जी. यावे जी."

वाकताना हातातलं उलथणं सटकलं. सुंईंई! बोरीच्या काट्यांत जाऊन अडकलं.

तवा तापला. पीठ तयार. पण धिरडं उलटणार कसं? रांगेतल्या मुंग्या म्हणाल्या, "ठमाबाई, आम्ही निघू का?"

"थांबावे जी!" ठमीची छाती धडधड धडधड. ती पळाली. तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत भेटली शेळी.

"नमस्कार जी. ऐकावे जी.
उलथणं काट्यांत पडलं.
शेळीताई, काटे खा जी!"

शेळी म्हणाली, "खाईन की! पण माझा दोर आखूड. उंदराने तोडला, तर येईन. नाहीतर नाही, जा!"

छाती धडधड धडधड. पाय तुरुतुरु तुरुतुरु. बिळात होता उंदीर.

"नमस्कार जी. ऐकावे जी.
उलथणं काट्यांत पडलं.
शेळी काटे खाईना.
उंदीरमामा, दोर तोडा जी!"

उंदीर म्हणाला, "हळू बोल गं! वाटेत मांजर बसलीय. ती उठली, तर येईन. नाहीतर नाही, जा!"

अगं आई गं! मांजर! छाती धडधड धडधड. पाय तुरु... तुरु...

"नमस्कार जी. ऐकावे जी. खाऊ नका जी.
उलथणं काट्यांत पडलं.
शेळी काटे खाईना.
उंदीर दोर तोडीना.
मनीमावशी, वाट सोडा जी!"

मांजर म्हणाली, "चिचुंद्री? शी! तुला कोण खातंय? केवढा तो वास! मला दूध मिळालं, तर उठेन. नाहीतर नाही, जा!"

छाती धडधड धडधड. पाय तुरुतुरु तुरुतुरु. दुकानांमागच्या गोठ्यात होती म्हैस. खाली दुधाची रिकामी कासंडी घेऊन बसल्या होत्या सगुणाकाकू.

"नमस्कार जी. ऐकावे जी.
उलथणं काट्यांत पडलं.
शेळी काटे खाईना.
उंदीर दोर तोडीना.
मांजर वाट सोडीना.
म्हशीबाई, दूध द्या जी!"

म्हैस म्हणाली, "नाही देणार! रोज ठमी ओरडते. मग मला दूध सुटतं. आज ठमीच नाही."

"अहो, मीच ठमी जी!"

"हट्! आमची ठमी कुठे जी-जी करते?"

आता काय करायचं? दुकानातून कोंबडी बघतेय. काकू बघतायत. सगळे हसले तर? आणि तिकडे मुंग्या निघाल्या तर?

ठमीने डोळे मिटले. नाक वर केलं. आणि ती ओरडली,

"धिर्रर्र धिरडं!
भोकाभोकांचं धिरडं!
भोकं फुकट! चूंईई!"

सगळे हसले! खो खो खो! काकू हसल्या. कोंबडीसुद्धा हसली, पंख तोंडावर धरून.

म्हैस म्हणाली, "आली गं बाई माझी ठमी!"

मग म्हशीने दूध दिलं. चुर्र चुर्र.
काकूंनी मांजरीला वाढलं. लप लप.
मांजरीने वाट सोडली.
उंदराने दोर तोडला. कुरुकुरु कुरुकुरु.
शेळीने काटे खाल्ले. कचर कचर.
आणि उलथणं खाली पडलं. टण्ण!

ठमी पळत दुकानात आली. मुंग्या होत्या का? होत्या! रांग तर आणखी लांब झाली होती.

"जाणारच होतो," मुंग्या म्हणाल्या. "पण तुझी हाळी ऐकली."

"अगं बायांनो!" ठमीने पीठ टाकलं. चर्रर्र! "या, बसा. चटका बसला तर तोही फुकट!"

सगळ्यांनी पोटभर धिरडी खाल्ली. खाऊन झाल्यावर शेळी म्हणाली, "आभारी आहे, ठमाबाई."

आता खरं सांगायचं, तर यातलं एक खोटं आहे. शेळीने आभार मानले, तेवढं उगीच घुसडलं. शेळ्या कुठे आभार मानतात? ती तर ताट चाटून निघून गेली.

बाकी सगळं खरं!