पाण्याची पाळी

आयर्लंडच्या पश्चिमेला, किलफेरा गावाबाहेरच्या टेकडीवर एक पडकं चर्च आहे. छप्पर कधीच गेलं. उरल्यात दोन भिंती, एक रिकामी खिडकी आणि भोवतीची थडगी. चढण अशी, की वर पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. गावातले म्हातारे पाहुण्याला आधी बसू देतात, मग सांगतात.

इथे जो शेवटी पुरला जातो त्याच्यावर पाण्याची पाळी येते, असं सांगतात. पुढचं मयत येईपर्यंत इथल्या साऱ्या तहानलेल्या मेलेल्यांना त्यानेच पाणी पाजायचं. म्हणून एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा आल्या, की पूर्वी फाटकाशी धावाधाव व्हायची. डोकीसुद्धा फुटत म्हणे.

त्या काळी टायग नावाच्या गवंड्याची बायको वारली. सोर्खा तिचं नाव. टेकडीखालच्या विहिरीवरून घरादाराचं, गुराढोरांचं पाणी वाहून तिच्या हाडांची काडं झाली होती. टायगने कधी बादलीला हात लावला नाही, ते बायकांचं काम. मरताना ती म्हणाली, "आता माझ्याच्याने पाणी वाहवणार नाही." तेवढी पाळी येऊ देणार नाही, असा टायगने शब्द दिला.

नेमकी त्याच दिवशी दुसरी अंत्ययात्रा निघाली. टायगच्या भावांनी पेटी खांद्यावर घेऊन धूम ठोकली आणि फाटक गाठलं. टायगने मागे पाहिलं. एकटीच बाई चढत होती, काखेत मावेल एवढी पेटी घेऊन. धावायचं त्राण तिच्यात नव्हतं.

टायगने सोर्खाची पेटी खाली ठेवायला लावली.

"अरे, वहिनीला शब्द दिलायस ना?" भाऊ म्हणाला.

"दिलाय. पण त्या लेकराला बादली उचलवेल का?" मग तो त्या बाईला म्हणाला, "पोरी, तू हो पुढे."

सोर्खा मागून गेली आणि पाळी तिच्यावर आली. टायगला ते फार लागलं. तो रोज विहिरीवरून पाणी आणून तिच्या उशाशी ठेवू लागला, तेवढीच तिची चढउतार वाचेल म्हणून. त्यात गावात कुणी मरेना. लोक खुशीत होते आणि टायगची पाठ वाकत चालली होती. शेवटी पुढचं मयत आलं ते त्याचंच. सोर्खा सुटली.

आजही किलफेरात दोन अंत्ययात्रा एकत्र आल्या तर कुणी धावत नाही, थोरामोठ्याची पेटी थांबते आणि लहानाची पुढे जाते. आजही शेवटच्या थडग्याशी घरचं माणूस रोज बादलीभर पाणी नेऊन ठेवतं. टायगसाठी मात्र कुणी नेलं नव्हतं. त्यानेच मरताना बजावलं होतं म्हणे, "माझ्या पाळीला कुणी येऊ नका. तिने जन्मभर भरलं, आता मला भरू द्या."