नववी पायरी

वाकोळी गावाला तेरडी नदीने तिन्ही बाजूंनी वेढलं आहे आणि चौथ्या बाजूला गावाचं कुंड आहे. कुंड आता पोहायचा सार्वजनिक तलाव झालंय. रेलिंग आलं, पाणी गाळायचं यंत्र आलं, दाराशी पास देणारी खिडकी आली. पण पूर्वेच्या नऊ काळ्या पायऱ्यांना हात लावायची कुणाची छाती झालेली नाही. दरवर्षी अक्षय तृतीयेला सरपंचासकट अख्खी समिती त्यातल्या नवव्या पायरीवर, हनुवटीपर्यंत पाण्यात उभी राहते आणि हंगामाच्या पासाचा दर ठरवते. एकमत होईतो वर यायचं नाही. झऱ्याचं पाणी असं गार, की बैठक फार लांबत नाही.

हे बघायला लांबून माणसं येतात. खिडकीतली पारूआक्का त्यांना पास दाखवते. पासावर नावासाठी दोन ओळी असतात. दोन का, असं विचारलं की आक्का खिडकीची फळी आडवी लावते आणि पायऱ्यांकडे चालू लागते.

फार पूर्वी, असं सांगतात, गावातल्या घरटी एका माणसाने एकेक दगड वाहून हे कुंड बांधलं. पलीकडच्या काठावर शेतं, अलीकडे गाव. दर पावसाळ्यात नदी दोघातिघांना गिळायची. लोकांनी पोहायला शिकावं म्हणून कुंड, आणि शिकवायला हौसा भोईण. हौसा पाण्यात असली की पाणीसुद्धा सरळ वागतं, असं गाव म्हणायचं.

पुढे शिदोजी पाटलाने कुंडाला दार बसवलं. हंगामाला माणशी दोन पायल्या ज्वारी. पाटील दुष्ट नव्हता. गाळ काढायचा, दगड सांधायचे, फुकटाची वस्तू कुणी जपत नाही, हे त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण त्याची स्वतःची जमीन अलीकडच्या काठावर. ज्यांना दर परवडायचा त्यांना नदी ओलांडावी लागत नव्हती, आणि ज्यांना रोज ओलांडावी लागायची त्यांच्या घरात दोन पायल्या म्हणजे महिन्याची भाकरी. त्यांनी दाराकडे बघणंच सोडलं.

त्या वर्षी हौसाच्या जिवाभावाची मैत्रीण काशी, पलीकडे खुरपायला जाताना बुडाली. मागे राहिली तिची लेक राणू. आईच्या जागी आता तीच रोज नदीत उतरायची, काठीच्या आधाराने, डोळे मिटून. वाहत्या नदीत शिकवता येत नव्हतं आणि कुंडाचा दर राणूला परवडत नव्हता. पाऊस यायच्या आत या पोरीला पोहता आलंच पाहिजे, एवढं एकच तिच्या मनाने घेतलं.

अक्षय तृतीयेला पाटील कुंडाच्या काठावर लोडाला टेकून नव्या हंगामाचा दर सांगायला बसला. हौसा पुढे झाली.

"दर तुमीच ठरवा, पाटील. म्या कमी करा म्हननार न्हाई. पर काठावर बसून नगं, पायऱ्या उतरून सांगा. नवव्या पायरीवर बी दोन पायल्याच ऱ्हायला, तर म्या आजच गाव सोडते."

चारचौघांत नाही कसं म्हणायचं? पाटलाने पागोटं काढून ठेवलं आणि उतरला. हौसा त्याच्यापुढे, हाताच्या अंतरावर. गुडघाभर पाण्यात तो ठणकावून म्हणाला, "दोन पायल्या!" कमरेपर्यंत पाणी आलं तेव्हा एक पायली झाली. छातीला पाणी लागलं तसा शेरावर आला. काठावर लोक हसू लागले. हौसा मात्र हसली नाही. तिला शेरही जड होता.

नवव्या पायरीवर शेवाळ होतं. पाय सटकला आणि पाटील पाण्याखाली गेला. हौसाने मनगट धरून वर खेचला, तेव्हा तो ओरडला म्हणे, "मागशील ते देतो हौसे, पर हात सोडू नगंस!"

हौसाने हात सोडला नाही. हळूच म्हणाली, "काशी बी ह्येच म्हनली आसती, पाटील. बुडनारा मागाल ते देतुया. तवा दर त्याला इचारून ठरवायचा नस्तो, काठावर बसून बी नस्तो."

पाटलाला तेव्हा वर येता आलं असतं. पण तो आला नाही. हा त्याचा मोठेपणा, असं पारूआक्का आवर्जून सांगते. हनुवटीला पाणी लागलेलं असताना तो काठावरच्या लोकांकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "मूठभर दाणे. आन् जो शिकंल त्यानं येकाला शिकवायचं."

कुंडाचं दार त्याच दिवशी उघडलं. हौसाने चौघांना शिकवलं, चौघांनी चौघांना. राणू सर्वांत मागे राहिली, कारण पाणी दिसलं की तिला आई दिसायची. हौसाने तिच्या पाठीला सुकलेला भोपळा बांधला, रोज तिच्याबरोबर रडली आणि रोज तिला पाण्यात ढकललं. मृगात नदी फुगली, तेव्हा राणू डोळे उघडे ठेवून पलीकडे गेली आणि परत आली. हौसाने तो भोपळा तिच्या हवाली केला.

पण राणूचं एकाला शिकवणं बाकी होतं. ती गावभर हिंडली. ज्याला त्याला कुणी ना कुणी शिकवलेलं. शेवटी भोपळा काखोटीला मारून ती पाटलाच्या दारात उभी राहिली. "पाटील, तुमीच उरलाय."

शिदोजी पाटील मुठीत ज्वारी घेऊन निमूटपणे तिच्यामागून कुंडावर गेला, असं सांगतात.

आजही समिती त्याच पायरीवर उभी राहते. विजेचा खर्च, पाण्यात टाकायच्या औषधाचा खर्च, सगळं तिथेच बोललं जातं. यंदाचा दर नव्वद रुपये निघाला. आणि आजही पासावर दोन नावं लागतात, पोहणाऱ्याचं आणि तो ज्याला शिकवणार त्याचं.

एवढं सांगून पारूआक्का पाहुण्यांकडे बघते. "तुमच्यात पोहता न येणारं कोन हाय?"

सगळे चपलांकडे बघतात. मग मागून एखादा हात अर्धवट वर होतो. बहात्तर वर्षांची आक्का कमरेच्या पिशवीतून स्वतःचा पास काढते. त्यातली दुसरी ओळ अजून कोरी असते.

"नाव सांगा," ती म्हणते.